दस्तऐवज सगळ्यांना वाचता यावा म्हणून : मोठ्या सरकारी खात्यात नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

बदलीसाठी पसंतीक्रम मागवणारं एक परिपत्रक होतं. १४ पानं, शेवटी सही-शिक्का, मुदत ५ दिवसांची. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं ते संगणकावर उघडलं. त्याला अजिबात दिसत नाही. तो स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. हेडफोनची एक बाजू त्यानं माझ्या कानाला लावली. आवाज आला, "रिकामं पान." पुढचं पान, "रिकामं पान." चौदाही पानं तशीच. परिपत्रकाची छापील प्रत कोणीतरी स्कॅन करून चढवली होती, त्यामुळे फाइलमध्ये अक्षर एकही नव्हतं, होते ते नुसते फोटो. स्वतःच्या बदलीचे पर्याय त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले, आणि कोणतं ठिकाण हवं, का हवं, हेही त्या दुसऱ्यासमोरच बोलावं लागलं.

ती दुपार मी विसरलेलो नाही. तेव्हापासून दस्तऐवज सुगम्य, म्हणजे कुणालाही वाचता-वापरता येतील असे करण्याच्या कामात आहे आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतो : हे काम मसुदा टाइप करतानाच करायचं असतं. वर्डमध्ये टाइप करताना ज्याला दहा मिनिटं लागतात, तेच तयार पीडीएफमध्ये करायला बसलात तर अर्धा दिवस जातो, आणि पुढच्या महिन्यात परिपत्रकात दुरुस्ती निघाली की तो अर्धा दिवस पुन्हा जातो.

वाचणारा फक्त अंध असतो असंही समजू नका. कमी दिसणारी माणसं अक्षर मोठं करून वाचतात. हाताला कंप असलेला माणूस माउस न वापरता फक्त कळफलकावर काम करतो. कुणाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, कुणाची नजर दाट मजकुरात ओळ चुकते. मोठ्या खात्यात ही माणसं खिडकीच्या दोन्ही बाजूंना असतात, अर्जदार म्हणूनही आणि कर्मचारी म्हणूनही.

नियमांची तोंडओळख इतकीच पुरे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला, त्यातलं ९ वं कलम सुगम्यतेचं आहे. तांत्रिक निकष वेबची मानकं ठरवणाऱ्या 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम' या संस्थेच्या 'डब्ल्यूसीएजी' या मार्गदर्शक तत्त्वांत सापडतात : २.० ही आवृत्ती २००८ ची, २.१ ही २०१८ ची आणि २.२ ही २०२३ ची. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा चढत्या तीन पातळ्या आहेत. सरकारी कामात सहसा डबल ए धरतात. सुगम्य पीडीएफसाठी 'पीडीएफ/यूए' हे आयएसओ मानक २०१२ मध्ये आलं. यातलं काहीही पाठ करायला बसू नका. आधी पुढची पहिली पायरी करा, मग नियम वाचलेत तर ते आपोआप कळतील.

पहिली पायरी : स्वतःचा दस्तऐवज कानांनी ऐका

एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर मोफत आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला. संगणक कक्षाकडून रीतसर परवानगी घेऊन तो बसवून घ्या. मग तुमच्याच हातचं एखादं परिपत्रक उघडा, मॉनिटर बंद करा आणि ऐका.

तीनच कळा शिका. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की सलग वाचन सुरू होतं. एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी, टी दाबलं की पुढच्या तक्त्यावर. वर्डमध्ये या उड्या चालण्यासाठी आधी इन्सर्ट आणि स्पेसबार दाबून ब्राउझ मोड चालू करावा लागतो, नाहीतर एच हे अक्षर मजकुरातच टाइप होतं.

पहिल्यांदा ऐकताना आवाज फार भरभर वाटेल, वैताग येईल. थोडी कळ काढा. एच दाबल्यावर "पुढे मथळा नाही" असं ऐकू आलं की समजा, तुमच्या ४० पानांच्या अहवालात शिरायला दारच नाही. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं ऐकत जाण्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरी पायरी : अक्षर खरं आहे का ते तपासा

आपल्या लिपीत काम करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथे अडतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण तो मराठी नसतो. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये तुम्हाला 'सरकार' दिसतं, तेव्हा फाइलमध्ये साठवलेली अक्षरं असतात एल, जे, डी, के, जे. फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही, तो "एल-जे-डी-के-जे" असंच वाचतो. शोध घेतला तर 'सरकार' हा शब्द त्या फाइलमध्ये सापडतही नाही. युनिकोड हे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं मानक आहे, आणि त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा राखलेला आहे. तिथलं अक्षर कोणत्याही संगणकावर, कोणत्याही फॉन्टमध्ये तेच राहतं.

ओळखायची रीत सोपी आहे. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड, रोमन अक्षरांचा काला दिसला तर जुना फॉन्ट. जुना मजकूर बदलून देणारी साधनं मिळतात, मात्र त्यातून बाहेर पडलेला मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे पाठवू नका. रफार आणि जोडाक्षरं तिथे हमखास बिघडतात, आणि आदेशात एखाद्याचं आडनाव बिघडलं तर ते प्रकरण वेगळंच होऊन बसतं.

वर्षानुवर्षं टंकलेखन केलेल्या ज्येष्ठांना "आता नवीन कळफलक शिका" असं फर्मान सोडू नका. टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक युनिकोडमध्येही मिळतो. तो बसवून दिलात तर त्यांची बोटं जिथे पडत आली तिथेच पडतील, आणि मजकूर मात्र युनिकोडमध्ये उमटेल. एका शाखेत आम्ही एवढंच केलं आणि महिनाभर चाललेला वाद मिटला.

स्कॅनचं दुखणं वेगळं आहे. जुनी कागदपत्रं स्कॅन करावीच लागत असतील तर ३०० डीपीआयवर, सरळ ठेवून करा आणि ओसीआर चालवून अक्षरं ओळखून घ्या. ओसीआर चुकतंच, म्हणून तारखा, रकमा आणि नावं मूळ कागदाशी ताडून पाहा. आज नव्यानं निघणारं परिपत्रक मात्र स्कॅन करण्याचं काहीच कारण नाही. "पण सही?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर सहाव्या पायरीत आहे.

तिसरी पायरी : मथळ्याला मथळा म्हणा

ठळक केलेली, मोठ्या अक्षरातली ओळ डोळ्यांना मथळा वाटते. संगणकाच्या लेखी ती साधी ओळच. वर्डमधल्या स्टाइल्समधून 'हेडिंग १', 'हेडिंग २' लावा, किंवा ओळीवर जाऊन कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा. दिसणं आवडलं नाही तर स्टाइलचं रूप बदला, ती काढू नका. दस्तऐवजाच्या नावाला हेडिंग १, प्रकरणांना २, पोटमुद्द्यांना ३. मधली पातळी गाळू नका.

यातून तुमचाही फायदा होतो. अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि डावीकडच्या नेव्हिगेशन पेनमध्ये अख्ख्या अहवालाचा सांगाडा दिसतो. साहेबांनी "तिसरं प्रकरण आधी घ्या" म्हटलं की मथळा ओढून वर न्यायचा, मजकूर त्याच्या मागोमाग येतो.

एंटर मारून मोकळ्या ओळी सोडायची सवयही मोडा. प्रत्येक मोकळी ओळ "रिक्त" अशी ऐकू येते. परिच्छेदांमधलं अंतर स्टाइलमध्ये ठरवून टाका, नवं पान हवं तर पेज ब्रेक घाला. अनुक्रमांक हातानं टाइप न करता यादीच्या सोयीतून द्या. प्रपत्रातल्या रिकाम्या जागेसाठी रेघा ओढल्या असतील तर ऐकणाऱ्याला "अंडरस्कोअर, अंडरस्कोअर, अंडरस्कोअर" असा जप ऐकावा लागतो. त्याऐवजी भरता येणारा रकाना द्या आणि त्याला "अर्जदाराचं पूर्ण नाव" असं लेबल जोडा.

चौथी पायरी : तक्ते

आपलं खातं तक्त्यांवर चालतं. तेव्हा तक्ता कानाला कसा लागतो ते समजून घ्या.

समजा रकाने असे आहेत : कार्यालय, मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं. शीर्षकाची ओळ नीट ठरवलेली नसेल, तर आठव्या ओळीवर ऐकू येतं : "बारा. नऊ. तीन." कशाचे बारा? कशाचे नऊ? शीर्षक ओळ ठरवलेली असेल तर तीच ओळ अशी येते : "मंजूर पदं, बारा. भरलेली पदं, नऊ. रिक्त पदं, तीन." त्यासाठी पहिल्या ओळीत जाऊन टेबल लेआउटमधलं 'रिपीट हेडर रोज' चालू करायचं. एक टिचकी. तक्ता दुसऱ्या पानावर गेला तरी शीर्षकं तिथे पुन्हा छापून येतात, म्हणजे डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही मागं उलटावं लागत नाही.

खरा घोळ जोडलेल्या चौकटींचा. वर 'मंजूर पदं' अशी लांबलचक चौकट, तिच्याखाली 'पुरुष', 'महिला', 'एकूण', आणि शेजारी पुन्हा तेच. स्क्रीन रीडर इथे रस्ता चुकतो. वरची ओळ काढा आणि प्रत्येक रकान्याला पूर्ण नाव द्या : 'मंजूर पदं, पुरुष', 'मंजूर पदं, महिला'. नावं लांबतात, लांबू द्या. तरीही तक्ता मावत नसेल तर एकाचे दोन करा. माझं स्पष्ट मत आहे की १५ रकान्यांचा आडवा तक्ता कुणालाच धड वाचता येत नाही. आपल्याला त्याची फक्त सवय झालेली असते.

रिकामी चौकट सोडू नका. ऐकणाऱ्याला कळत नाही की माहिती शून्य आहे, आलेली नाही, की त्याच्याकडूनच काही सुटलं. कार्यालयीन मराठीत 'निरंक' हा नेमका शब्द आहे, तो लिहा. जिथे प्रश्नच उद्भवत नाही तिथे 'लागू नाही', जिथे माहिती यायची आहे तिथे 'अप्राप्त'.

पत्राच्या वरच्या भागात डावीकडे क्रमांक आणि उजवीकडे पत्ता बसवायला तक्ता वापरू नका. त्यासाठी टॅब आहेत. एक्सेलमध्येही हीच पथ्यं : चौकटी जोडू नका, मध्ये ओळी मोकळ्या सोडू नका, कंट्रोल आणि टी दाबून माहितीचा तक्ता करा, आणि शीटला 'शीट १' ऐवजी नाव द्या.

पाचवी पायरी : चित्रं, रंग आणि उरलेलं

चित्रावर उजवी टिचकी मारली की पर्यायी मजकूर लिहायची जागा मिळते. तिथे चित्र कसं दिसतं यापेक्षा ते इथे कशासाठी आहे ते लिहा. "आलेख" एवढंच लिहिलंत तर काही कळत नाही. "प्रलंबित अर्ज एप्रिलमधल्या ४,२०० वरून सप्टेंबरमध्ये १,१०० वर आले" असं लिहिलंत तर आलेखाचं काम झालं. आकडे जास्त असतील तर खाली छोटा तक्ता जोडा. निव्वळ शोभेच्या चित्रावर 'डेकोरेटिव्ह' अशी खूण करा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून जातो. चित्र 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवा, नाहीतर वाचनक्रमात ते भलतीकडेच उगवतं.

"लाल रंगातले रकाने भरणं बंधनकारक आहे" हे वाक्य आपल्या प्रपत्रांतून कायमचं जायला हवं. रंग ठेवा, पण रकान्याच्या नावापुढे 'बंधनकारक' असंही लिहा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा लागतो. १८ पॉइंट किंवा ठळक १४ पॉइंटपासून पुढच्या अक्षरांना ३ ला १ चालतो. हे प्रमाण मोजून देणारी साधनं मोफत मिळतात. पांढऱ्यावरच्या करड्या अक्षराची सीमा किती नेमकी आहे पाहा : ७६७६७६ या संकेतांकाचा रंग पास होतो, ७७७७७७ नापास. फिकट करड्या तळटिपा किती परिपत्रकांत असतात, तुम्हीच आठवा.

दुव्याला 'येथे क्लिक करा' असं नाव देऊ नका. दुवे यादीतूनही ऐकले जातात, आणि 'येथे, येथे, येथे' अशी यादी निरुपयोगी. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायला घेतो. फाइलच्या गुणधर्मांत खरं शीर्षक भरा. सादरीकरणात प्रत्येक स्लाइडला वेगळं नाव द्या आणि सिलेक्शन पेनमध्ये क्रम पाहा. तिथला क्रम खालून वर वाचला जातो, हे पहिल्यांदा सगळ्यांनाच उलटं वाटतं.

सहावी पायरी : पीडीएफ आणि सही

आधी विचारा, पीडीएफ लागतेच का? सूचना, तारखा, पात्रतेचे निकष संकेतस्थळाच्या साध्या पानावर जास्त चांगले वाचता येतात, मोबाइलवर तर नक्कीच.

लागत असेल तर प्रिंटमध्ये जाऊन 'प्रिंट टू पीडीएफ' करू नका. तुम्ही लावलेले मथळे, तक्त्यांची शीर्षकं, पर्यायी मजकूर, सगळं तिथे गळून पडतं. 'सेव्ह ॲज' मधून पीडीएफ निवडा आणि पर्यायांत 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी' समोर खूण आहे का ते बघा. टॅग म्हणजे कुठला भाग मथळा, कुठला तक्ता हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या लपलेल्या खुणा. त्याआधी वर्डच्या 'रिव्ह्यू' मधली सुगम्यता तपासणी चालवून घ्या.

मग देवनागरीची खास परीक्षा. पीडीएफमधून 'शिक्षण' शब्दाची एखादी ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या साठवते. आकृतीवरून मूळ अक्षराकडे जाण्याचा दुवा कच्चा असला तर ऱ्हस्व वेलांटी उडी मारून श च्या आधी येते आणि 'क्ष' फुटतो. नोटपॅडमध्ये मोडकंतोडकं आलं की स्क्रीन रीडरमध्येही मोडकंच ऐकू येणार. फॉन्ट बदलून पुन्हा पीडीएफ करून पाहा. तरीही जमलं नाही तर शेजारी वर्डची प्रत किंवा वेबपान ठेवा, वाचणाऱ्याला अधांतरी सोडू नका.

पीएसी हे पीडीएफ तपासणारं साधन मोफत आहे. हिरवी खूण आली म्हणजे मात्र काम संपलं असं नाही. पीडीएफ/यूए तपासण्यासाठी 'मॅटरहॉर्न प्रोटोकॉल' वापरतात; त्यात संभाव्य चुकांच्या १३६ नोंदी आहेत आणि त्यांतल्या ४७ साधारणपणे माणसालाच पाहाव्या लागतात. पर्यायी मजकूर आहे की नाही ते यंत्र सांगेल. तो बरोबर आहे का, ते तुम्हीच सांगू शकता.

आता सहीबद्दल. छापा, सही घ्या, स्कॅन करा, चढवा, या साखळीनंच माझ्या सहकाऱ्याला रिकामी पानं ऐकवली. डिजिटल सहीची सोय असेल तर ती वापरा, पण टॅग, शीर्षक, वाचनक्रम सगळं आधी नीट करून घ्या. सहीनंतर फाइलला हात लावलात तर सही अवैध दिसू लागते. डिजिटल सही नसेल तर सहीचा कागद नस्तीत ठेवा आणि मूळ फाइलवरून केलेली पीडीएफ चढवा, सहीच्या जागी 'स्वाक्षरित' आणि अधिकाऱ्याचं पदनाम टाइप करून. आपल्या खात्यात हे चालतं का ते आस्थापना आणि विधी शाखेकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबलात तर अधिकारी बदलला की सगळं पहिल्यापासून.

सातवी पायरी : एकट्याचं काम खात्याचं करताना

जुन्या हजारो फाइलींकडे पाहून छातीत धडकी भरते. त्यांना आधी हात लावू नका. नमुने दुरुस्त करा : परिपत्रक, आदेश, टिपणी, इतिवृत्त, अर्ज. प्रत्येक नमुन्यात मथळ्यांच्या स्टाइल्स, भाषा, तक्त्याची शीर्षक ओळ घालून ठेवा आणि जुने नमुने सामाईक फोल्डरमधून काढूनच टाका. नाहीतर लोक सवयीनं त्यांनाच उघडतात. मग लोकांना रोज लागणारे अर्ज, चालू योजनांची माहिती आणि सगळ्यात जास्त उघडल्या जाणाऱ्या फाइली घ्या. जुनं अभिलेखाचं काम मागणी येईल तसं करा, पण मागणी आल्यावर किती दिवसांत द्यायचं ते आजच ठरवा.

प्रशिक्षणाला अधिकाऱ्यांसोबत प्रत्यक्ष टाइप करणाऱ्यांना बोलवा. लघुलेखक, लिपिक, कंत्राटी डेटा एंट्री करणारी मुलं, खरं काम यांच्याच हातून होतं आणि नेमक्या यांनाच बैठकीचं निमंत्रण जात नाही. संकेतस्थळावर फाइल चढवणाऱ्या माणसाला स्कॅन केलेली फाइल परत पाठवायचा लेखी अधिकार द्या. तो अधिकार नसेल तर "साहेबांचं तातडीचं आहे" या एका वाक्यापुढे सगळ्या पायऱ्या कोसळतात.

बाहेरून अहवाल किंवा माहितीपुस्तिका करून घ्यायची असेल तर निविदेतच सुगम्यतेची अट घाला आणि देयक मंजूर करण्यापूर्वी फाइल तपासा. पैसे चुकते झाल्यावर दुरुस्ती मागायला गेलात की नुसते हेलपाटे.

तपासणीला अपंग सहकाऱ्यांना घ्या, मात्र "जरा बघून देता का" अशा मेहरबानीच्या सुरात नको. ते त्यांच्या कामकाजात धरा, त्याला वेळ द्या, नोंद ठेवा. माझा सहकारी आता नव्या नमुन्यांची पहिली प्रत ऐकतो. परवा त्यानं प्रवासभत्त्याच्या प्रपत्रात एक चूक काढली : 'दिनांक' नावाचे दोन रकाने होते, एक निघण्याचा, एक परतण्याचा, आणि कानाला दोन्ही सारखेच. आम्ही सगळ्यांनी ते प्रपत्र डझनभर वेळा पाहिलं होतं. आता तिथे 'निघाल्याचा दिनांक' आणि 'परतल्याचा दिनांक' असं आहे.

प्रत्येक दस्तऐवजाच्या शेवटी एक ओळ ठेवा : "हा दस्तऐवज वाचण्यात अडचण येत असल्यास संपर्क", आणि पुढे कक्षाचा दूरध्वनी आणि ईमेल. तो दूरध्वनी उचलणारा माणूस नेमून द्या, तो रजेवर असेल तेव्हाचा दुसराही. फोन आला की अर्जदाराला हवी ती प्रत द्या आणि त्याच दिवशी मूळ फाइलही दुरुस्त करून चढवा, म्हणजे त्या फाइलसाठी दुसरा फोन येणार नाही.